बहात्तर गाठी

आत्या खुर्चीतून उठायला गेली आणि तिला उठता आलं नाही. एवढंच घडलं. गेल्या मार्गशीर्षात ती निफाडहून नातवाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आली होती. चहा झाला, पत्रिका देवापुढे ठेवून झाली, पिशवीतली मेथीची जुडी आईच्या हवाली झाली आणि ‘चला, बस गाठायची’ म्हणत ती पुढे झुकली. खुर्ची तिला सोडेना. बूड खोल गेलेलं, गुडघे पार वर आलेले, पुढची लाकडी पट्टी मांड्यांखाली रुतलेली. दुसऱ्यांदा तिने झोका घेऊन पाहिलं. तिसऱ्या वेळी हसत म्हणाली, ‘जरा हात दे गं.’ मी हात दिला, ओढलं, ती उभी राहिली, पदर सारखा केला. पण उभी राहिल्याबरोबर तिने आधी दाराकडे पाहिलं. तिचा मुलगा पाठमोरा चपला घालत होता. त्याने काही पाहिलं नाही हे कळल्यावर तिचा चेहरा सैल झाला. तिचं ते दाराकडे बघणं माझ्या मनातून गेलं नाही. मनगटावर तिच्या बांगडीचा वळ मात्र रात्रीपर्यंत होता आणि मग गेला.

आत्याला ओळखणाऱ्यांना यातलं दुखणं सांगायला नको. काका गेल्यावर द्राक्षबाग तिने एकटीने सांभाळली. एप्रिल छाटणी असो की ऑक्टोबर छाटणी, मजुरांच्या आधी ती बागेत उभी. थंडी कडाक्याची पडली की पहाटे बागेत शेकोट्या पेटवायला सगळ्यात पुढे. सत्तरी ओलांडली, गुडघे गेले, तरी हात कोणाला मागितला नाही. आणि तो मागावा लागला आमच्या घरात, आमच्या खुर्चीमुळे. ‘जुनी झाली खुर्ची, दुसरं काय,’ आई म्हणाली. पण आम्ही घरातले त्या खुर्चीत कसे बसायचो? काठावर. चौघडी घडी करून टाकायची, अंग चोरून बसायचं. इतकी वर्षं आम्ही तिच्याशी जुळवून घेतलं होतं आणि हे आपण करतोय याची जाणीवसुद्धा उरली नव्हती. घरच्यांना घरातल्या खोडी पाठ असतात. त्यांचा भुर्दंड बसतो तो पाहुण्याला.

खुर्ची सागवानी, एका मोठ्या सोफ्याच्या जोडीतली. बाबा नाशिकरोडला प्रेसमध्ये होते, १९८४ साली मिळालेल्या थकबाकीच्या पैशांतून त्यांनी हा सेट करून घेतला. मी आधी कॉलेज रोडच्या एका दुकानात फोटो दाखवला. दुकानदार भला होता. म्हणाला, आतलं सगळं काढून टाकू, चाळीस डेन्सिटीचा फोम भरू, दोन दिवसांत घरपोच. फोम वाईट असतो असं मला म्हणायचं नाही, आमच्या दिवाणावर तोच आहे. पण त्याने ठोकळा पुढे केला, मूठ दाबून दाखवली आणि म्हणाला, ‘बघा, किती छान बसतं.’ माझ्या डोक्यात आत्या होती. मी विचारलं, ‘आणि उठताना?’ त्याला प्रश्न कळला नाही. खरं तर मलाही तो नीट कळला नव्हता. बैठक म्हटलं की सगळे बसण्याचंच बोलतात. मऊ आहे का, ऐसपैस आहे का, पाठ टेकते का. माणूस बसतो तेवढ्याच वेळा उठतोही, पण त्याची चौकशी कोणी करत नाही.

भद्रकालीत दूध बाजाराच्या बाजूला एका बोळात सोफ्याचं काम करणारे एक चाचा आहेत. दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली. काथ्याचे पेंढे, सुतळीची बंडलं, भिंतीला टांगलेले खुर्च्यांचे सांगाडे, आणि नव्या तागाचा तो गोडसर, किंचित रॉकेलसारखा वास. चाचांनी खुर्ची उलटी केली, खालून हात घातला, डोळे मिटून चाचपलं. म्हणाले, ‘ठेवून जा ताई, पंधरा दिवसांनी या.’ मी म्हटलं, मला बघायचंय. ‘बघून काय करणार?’ मी म्हटलं, शिकायचंय. ते जरा वेळ माझ्या हातांकडे पाहत राहिले. मग पक्कड दिली. ‘मग आधी काढा.’

दोन रविवार मी नुसत्या चुका काढल्या. बारीक, डोक्याला चपट्या, गंजून लाकडात एकजीव झालेल्या चुका, म्हणजे छोटे खिळे. रेक्झिन निघालं, त्याखाली पिवळा पडलेला कापूस, त्याखाली मांजरपाट, मग काथ्याचा दबून पापडासारखा झालेला थर, मग गोणपाट. गोणपाट उचललं आणि आतून माती सांडली. करडी, मैद्यासारखी बारीक माती, ओंजळभर तरी. चाचा म्हणाले, ‘पुरात होती का?’

होती. २००८ च्या सप्टेंबरात आम्ही भांडी बाजाराच्या मागे वाड्यात तळमजल्यावर राहत होतो. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, अशा बातम्या गल्लीतून येत होत्या आणि आम्ही धान्याचे डबे माळ्यावर चढवत होतो. सोफा कुठे चढवणार? पाणी ओसरल्यावर बाबांनी तो गच्चीवर नेऊन आठ दिवस उन्हात वाळवला. वरून कोरडा झाला म्हणून घरात आला, पुढे इंदिरानगरच्या फ्लॅटमध्येही आला. आणि गोदावरीचा गाळ इतकी वर्षं आमच्या बसण्याखाली तसाच होता. प्रत्येक स्प्रिंगेवर गंजाची रेघ होती, सगळ्यांवर एकाच उंचीला, जणू कोणी पट्टी लावून आखली असावी. खोलीत पाणी कुठवर आलं होतं ते आम्ही विसरलो होतो. लोखंड विसरलं नव्हतं.

मी नऊच्या नऊ स्प्रिंगा भंगारात जाणार असं धरून चालले होते. चाचांनी एकेक फरशीवर उभी केली. या स्प्रिंगा डमरूसारख्या असतात, दोन्ही टोकांना रुंद, कमरेत बारीक. सरळ उभी राहते का पाहायचं. मग तळव्याने पार खाली दाबायची आणि सोडायची. पुन्हा पहिल्या उंचीवर आली तर ती जिवंत. नऊपैकी आठ जिवंत निघाल्या. चाचा म्हणाले, ‘स्प्रिंग लवकर मरत नाही ताई. सुतळी मरते.’ आणि खरंच, स्प्रिंगांना एकमेकींशी बांधणारी सुतळी बोटात चुरा होत होती. तागाला ओल सोसत नाही. पुराच्या पाण्याने ती कुजायला लागली असणार, मग एकेक तुटत गेली. आत्या बसली तेव्हा बिचाऱ्या स्प्रिंगा शाबूत होत्या, पण त्यांना धरून ठेवणारं कोणी नव्हतं. वजन आलं की त्या दबायच्याऐवजी बाजूला कलंडत होत्या.

दबलेली स्प्रिंग उचलून धरते. कलंडलेली नुसती पडून राहते.

मी अकरावीला भौतिकशास्त्र शिकवते. स्थितिस्थापकतेचा धडा दरवर्षी घेते. रॉबर्ट हूक यांनी १६७६ मध्ये आपला नियम अक्षरांची उलथापालथ करून कोड्यासारखा छापला आणि १६७८ मध्ये उलगडून सांगितला, जेवढा ताण तेवढं बळ, ही गोष्ट मुलांना आवडते म्हणून हमखास सांगते. फळ्यावर स्प्रिंग काढते, खाली वजन टांगते, आलेखावर सरळ रेघ ओढते. पण फळ्यावरची स्प्रिंग कधी कलंडत नाही. ती आपल्या अक्षावर इमानदारीने उभी असते, तेच मुळी गृहीत धरलेलं. त्या बोळात, फरशीवर मांडी घालून बसल्यावर मला पहिल्यांदा कळलं की अर्धं काम नियमाचं आहे आणि अर्धं तिला उभं धरणाऱ्या सुतळीचं. डमरूच्या आकाराचंही तसंच. रुंद वेढे आधी दबतात, ते सहज वाकतात. कमरेतले अरुंद वेढे कडक, त्यांची पाळी शेवटी येते. म्हणून बसताना पहिल्यांदा मऊ लागतं आणि खाली जाता जाता बैठक ‘आता बस’ म्हणते. स्प्रिंगेच्या कडकपणाच्या सूत्रात वेढ्याच्या व्यासाचा घन छेदात असतो हे मी कितीदा लिहून दिलंय. तळव्याला ते जाणवलं तेव्हा मी तीच स्प्रिंग वेड्यासारखी दहा वेळा दाबून पाहिली. चाचा काही बोलले नाहीत. पान लावत बसले.

पहिलं काम तळाच्या पट्ट्यांचं. रुंद, जाड तागाच्या पट्ट्या. चाचा त्यांना नवारच म्हणतात. खुर्ची उलटी, एक टोक दुमडून चुका ठोकायच्या, दुसरं टोक फळकुटात अडकवून सगळ्या अंगाने ओढायचं आणि ओढलेलं धरून ठोकायचं. खाटेसारखी वीण, एक वरून एक खालून. थाप मारली की डग्ग्यासारखा भरीव आवाज आला पाहिजे. माझ्या पहिल्या पट्टीचा आवाज ओल्या कापडासारखा आला, उपटली. दुसरीचा तसाच, तीही उपटली. तिसऱ्या रविवारी आवाज आला तेव्हा तळहाताला फोड होता. मग खुर्ची सुलटी करून, पट्ट्या जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे स्प्रिंग ठेवायची आणि दाभणाने खालून चार ठिकाणी शिवायची. नऊ नंबरची तार, म्हणजे साधारण ३.६६ मिलिमीटर. पाठीला दहा नंबरची लागते, ती ३.२५. नंबर वाढला की तार बारीक होते, याची सवय व्हायला वेळ गेला. गंमत म्हणजे आत्याच्या बागेतली तारसुद्धा अशीच नंबरावर मागतात. लहानपणी मे महिन्यात निफाडला गेलं की ‘दहा नंबरचं बंडल आण’ हे वाक्य मी कितीदा ऐकलंय, आणि तो नंबर म्हणजे काय हे कधी विचारलं नव्हतं.

बाजारात हल्ली बहुतेक ठिकाणी जिगजॅग स्प्रिंग लावतात, नागमोडी वाकवलेली तार, एका पट्टीपासून दुसऱ्या पट्टीपर्यंत क्लिपांत अडकवली की झालं. तासाभराचं काम. चाचाही लावतात, गिऱ्हाईक तेच मागतं आणि त्यात काही गैर नाही. पण ही जुनी बांधणी त्यांनी माझ्यासाठी जरा जास्तच जीव लावून केली असं मला वाटतं. त्यांचा मुलगा सातपूरला कारखान्यात आहे. हे एकदाच बोलले, सुतळीला मेण लावता लावता, आणि पुढे काही नाही.

बांधणीत खरी मेख. आठ इंचांची स्प्रिंग सहा इंचांवर बांधायची. म्हणजे कोणी बसायच्या आधीच ती दोन इंच दबलेली हवी, वर यायला आतुर. चाचांनी काडीवर खूण करून दिली होती. मागच्या पट्टीवर दोन चुका अर्ध्या ठोकून त्यांत सुतळी अडकवायची, ठोकून पक्की करायची. डाव्या हाताने स्प्रिंग खुणेपर्यंत दाबायची, उजव्या हाताने वरच्या कडीच्या अलीकडच्या तारेवर गाठ, मग तीच सुतळी पलीकडच्या तारेवर गाठ, मग पुढची स्प्रिंग. मागून पुढे, डावीकडून उजवीकडे, आणि मग दोन्ही तिरक्या. प्रत्येक स्प्रिंगेला आठ दिशांनी आठ गाठी. नवांच्या बहात्तर. मधली सरळ उभी आणि किंचित उंच, कडेच्या माथ्याशी जराशा बाहेर झुकलेल्या. वरून पाहिलं तर बैठकीला पालथ्या परातीसारखा हलका फुगवटा यायला हवा. बारावी की तेरावी गाठ मारताना माझी दाबलेली स्प्रिंग सटकली आणि करंगळीच्या पेरावर बसली. रक्त फार नाही आलं. चाचांनी हळद लावली, चिंधी बांधली, आणि मी पुन्हा बसले, कारण उठले असते तर परत आले नसते.

दोन रविवार खपून मी पूर्ण चौकट बांधली. मला ती फार सुंदर दिसत होती. चाचांनी तिच्याकडे पाहिलं, खिशातून चाकू काढला आणि मधल्या ओळीतली एक सुतळी कापली. एकच. सर्रकन् आवाज झाला आणि ती अख्खी ओळ सुटून वर आली, तिन्ही स्प्रिंगा तिरक्या उभ्या राहिल्या. मला रडू आवरेना. ‘तुम्ही सुरगाठ मारलीत,’ ते शांतपणे म्हणाले. ‘एक सुटली की सगळ्या सुटतात.’ मग त्यांनी आपल्या हातची, दुसऱ्या कोणाच्या सोफ्याची बैठक ओढून पुढे घेतली आणि तिच्यातलीही एक सुतळी कापली. गिऱ्हाइकाचं काम, माझ्यासाठी कापलं. तिथे फक्त दोन गाठींमधला तेवढाच तुकडा लोंबला. बाकी काही हललं नाही. त्यांच्या गाठीत सुतळी तारेभोवती दोनदा फिरते आणि दुसरा वेढा पहिल्याला खाली दाबून धरतो, त्यावर आणखी एक अडकवण. प्रत्येक गाठ आपल्यापुरती पक्की. शेजारची तुटली तरी ही सोडत नाही. ‘सुतळी तुटणारच कधीतरी,’ चाचा म्हणाले, ‘पण सगळी एकदम नाही.’

आमची सगळी एकदम तुटली होती का? नसावी. जुन्या तुकड्यांवर पक्क्याच गाठी होत्या, कोण्या अनोळखी कारागिराच्या, १९८४ च्या. सुतळीचा चुरा झाला होता, पण काही तारांवर त्या गाठी मातीच्या मण्यांसारख्या तशाच बसलेल्या होत्या. पुरानंतरची इतकी वर्षं त्या खुर्चीने आम्हाला धरलं ते त्यांच्या जोरावर. बाबा याच खुर्चीत बसून पेपर वाचायचे. शेवटच्या वर्षात उठताना खुर्चीच्या दांड्यावर दोन्ही हात रोवून उठायचे आणि आम्ही म्हणायचो, वय झालं. मी त्यांतली एक गाठ तारेवरून सोडवून घेतली. कंपासपेटीत ठेवली आहे.

मी पुन्हा पहिल्यापासून बांधलं. परीक्षा आल्या, उत्तरपत्रिका आल्या, रविवार हुकले. बहात्तरावी गाठ एप्रिलच्या शेवटी बसली. तिच्यावर नवं गोणपाट ताणून शिवलं आणि खुर्ची तशीच घरी आणली. काथ्या, कापूस, कापड घरीच लावायचं ठरलं, कारण आईला कापड बघून घ्यायचं होतं आणि तिला दोन आठवडे एकही रंग पसंत पडत नव्हता. बैठकीच्या खोलीत एक उघडी खुर्ची, पोटात गोणपाट, खालून डोकावलं की स्प्रिंगा आणि सुतळीचं जाळं. येणारा जाणारा विचारायचा. आई म्हणायची, ‘हिचं चाललंय काहीतरी.’

माल उतरून छाटणीही उरकल्यावर, मे महिन्यात आत्या आली. सोबत लग्नाच्या फोटोंचा अल्बम, घरच्या बेदाण्यांची पिशवी आणि गारपिटीने शेवटच्या प्लॉटचं काय केलं त्याची हकीगत. उघडी खुर्ची पाहून बोलायची थांबली. गुडघ्यांमुळे तिला खाली वाकता येईना, म्हणून मी खुर्ची टीपॉयवर आडवी ठेवून तिला खालची बाजू दाखवली. तिने चष्मा लावला. मग बोटाने एक सुतळी छेडली, बागेत तार छेडतात तशी. दुसरी छेडली. कडेच्या स्प्रिंगांवरून बोट फिरवत म्हणाली, ‘ह्या बाहेर कललेल्या का? मुद्दाम ना?’ मी हो म्हटलं. ‘मग बरोबर. आमचा कडेचा डांब असाच बाहेर कललेला रोवतात. सरळ रोवला तर मांडवाचा भार आला की आत ओढला जातो. त्याच्या पाठीला तार लावून जमिनीत दगड गाडतो आम्ही. तुझा दगड कुठंय?’ मी तिला चौकटीवर ठोकलेल्या चुका दाखवल्या. तिने त्या एकेक करून, ओठ हलवत मोजल्या. चाचांनी इतक्या बारकाईने तपासलं नव्हतं.

‘ठेव खाली,’ ती म्हणाली. ‘बसते.’

मी म्हटलं, अगं, अजून काथ्या नाही, गादी नाही, टोचेल. ‘टोचू दे.’ आई आमरसाची वाटी घेऊन आली, ती आत्याने हातात घेतली आणि बसली. सुतळ्या एकदम कुरकुरल्या, नव्या चपलेसारख्या, आणि गप्प झाल्या. ती खाली गेली, पण थोडीच. पाय जमिनीवर टेकलेले, गुडघे होते तिथेच. पुढच्या पट्टीवर तिची मांडी नुसती टेकली होती. गारपिटीची गोष्ट पुन्हा सुरू झाली, विम्यावर आली, नातसुनेवर आली. मी ऐकत नव्हते. मी तिच्या गुडघ्यांकडे बघत होते.

बोलता बोलता तिला अल्बममधला कुठला तरी फोटो आठवला. अल्बम दिवाणावर होता. ‘थांब, दाखवते,’ म्हणत तिने एक हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवला, दुसऱ्या हातात वाटी तशीच, आणि उठली. माझा हात पुढे झाला होता, तो तिने पाहिलाही नाही. दिवाणापर्यंत दोन पावलं गेली आणि तिथे थबकली. वळून खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काही बोलली नाही. वाटी आईच्या हातात दिली, अल्बम तिथेच राहू दिला, परत आली आणि पुन्हा बसली.